पलंगाखालची बॅग आणि तात्यांना सांगायचं राहिलेलं खरं

प्रश्न : माझे वडील ७९ वर्षांचे, आम्ही तात्या म्हणतो. एसटीत सांगलीला वाहतूक नियंत्रक होते. आई गेल्यापासून तिथे एकटेच राहायचे. काही वर्षांपूर्वी पार्किन्सन्स निघाला, आणि यंदा बाथरूममध्ये पडून खुब्याचं ऑपरेशन झालं. मी कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, आम्ही दोघंही नोकरीला, भाऊ बंगळुरूला. ब्युरोच्या बायका ठेवून बघितल्या, एकही टिकली नाही. शेवटी पुण्याबाहेर एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. नेताना सांगितलं की फिजिओथेरपीसाठी महिनाभर राहायचंय. आता दुसरा महिना संपत आला. रोज संध्याकाळी सातला त्यांचा फोन, "कधी नेतेस?" बॅग भरून पलंगाखाली ठेवलीय, कपडे तिच्यातूनच काढतात, धुऊन आले की परत तिच्यातच ठेवतात. स्टाफ म्हणतो आजोबा कुणाशी बोलत नाहीत, रागाने बघतात. मॅनेजर म्हणतात पंधरा दिवस येऊच नका म्हणजे रुळतील. आत्या म्हणते बापाला टाकलंस. डोकं मात्र एकदम चांगलं आहे, रोज पेपरातलं कोडं सोडवतात. ते रुळावेत म्हणून मी काय करू? आणि गणपतीला घरी आणावं का? आणलं तर परत जातील का?
– एक मुलगी, पुणे

उत्तर :

ताई, मॅनेजर, आत्या, गणपती हे सगळं नंतर बघू, आधी ती पलंगाखालची बॅग.

तात्या रुळत नाहीयेत असं तुम्ही म्हणताय, पण त्यांनी रुळायचं तरी कशासाठी? महिनाभर राहायचंय असं तुम्हीच सांगितलंय ना. ज्याला महिन्याने निघायचंय तो कपाटात कपडे लावत बसत नाही, शेजारच्या पलंगावरच्या माणसाचं गाव कुठलं ते विचारत नाही, जेवण बेचव असलं तरी चार दिवसांचा तर प्रश्न आहे म्हणून अर्धं खातो आणि अर्धं टाकतो. आयुष्यभर स्टँडवरून गाड्या सोडलेला माणूस आता स्वतःच प्रवासी होऊन बसलाय आणि चौकशीच्या खिडकीत विचारतोय की गाडी कधी लागणार, आणि खिडकीतून रोज उत्तर येतंय, "बघू तात्या, डॉक्टरांना विचारते." त्यांनी त्यांच्या नोकरीत लोकांना गाडी दोन तास लेट आहे, रद्द झालीय, असं तोंडावर सांगून किती शिव्या खाल्ल्या असतील. त्यांना हे "बघू" कसं पटायचं.

तेव्हा माझा मोठा सल्ला एकच, बाकी सगळं बारीकसारीक आहे. त्यांना खरं सांगा.

खोटं बोललात म्हणून तुम्हाला झोडपायला मी बसलेली नाही. बहुतेक घरं हेच करतात, कुणी फिजिओ सांगतं, कुणी घराला रंग काढायचाय सांगतं, कुणी आम्ही सिंगापूरला जाऊन येतो तोवर राहा म्हणतं. त्या दिवशी गाडीत बसवायला ते कामी येतं आणि मग पुढे रोज निस्तरत बसावं लागतं. आणि एक सांगू का, पेपरातलं कोडं सोडवणाऱ्या माणसाला हे कळलेलं नसेल असं मला अजिबात वाटत नाही. महिना कधीच उलटून गेला, फिजिओवाला आठवड्यातून दोनदा येतो का तीनदा हे त्यांनी मोजलेलं असणार, आणि तुम्ही फोनवर अडखळता तेही त्यांना ऐकू येतं. तुम्हाला वाटतंय आपण त्यांना सांभाळून घेतोय, आणि कदाचित तेच तुम्हाला सांभाळून घेत असतील.

(इथे एक सांगून ठेवते, कारण हे इतर लोकही वाचतील. ज्यांच्या घरी अल्झायमर किंवा तसा विसरण्याचा आजार पुढे गेलाय त्यांना हा नियम असाच्या असा लावू नका. तिथे माणूस दर तासाला नव्याने विचारतो आणि दर तासाला नव्याने धक्का खातो, तिथे "घरी जायचंय" म्हटल्यावर घराबद्दल बोलत बसायचं, हात धरायचा, चहा द्यायचा, वाद घालायचा नाही. तात्यांचं तसं नाही, म्हणून त्यांच्यासाठी उत्तर वेगळं.)

आता सांगायचं कसं. पहिलं म्हणजे फोनवर नाही आणि संध्याकाळी तर मुळीच नाही. सकाळची गोळी घेऊन तासभर झाला की पार्किन्सन्सच्या माणसाचं अंग मोकळं असतं, तेव्हा जा. भावाला बोलावून घ्या, आणि शक्यच नसेल तर व्हिडिओवर का होईना पण तो हवा, नाहीतर "हे सगळं हिचंच" असं होऊन बसतं आणि पुढे दोघा भावंडांतही तेच राहतं. खोलीतल्या दुसऱ्या पेशंटसमोर नको, बागेत किंवा ऑफिसात बसा. आणि खुर्ची त्यांच्या समोर घेऊन बसा, उभ्याने नाही.

बोलायचं थोडक्यात. "तात्या, महिन्यासाठी म्हणालो ते खरं नव्हतं. तुम्ही नाही म्हणाल म्हणून घाबरलो. रात्री तुम्ही पडलात तर उचलायला घरी माणूस नाही, जिना चढवता येत नाही, म्हणून तुम्ही इथेच राहावं असं आम्ही दोघांनी ठरवलंय. तुम्हाला न विचारता ठरवलं, ते चुकलं." एवढंच. याच्यापुढे "तुमच्या भल्यासाठीच" हे वाक्य जिभेवर आलं तरी गिळा, कारण ते ऐकून आजवर कुणाचा राग शांत झालेला मी बघितला नाही. सेंटर किती छान आहे, लायब्ररी आहे, योगा आहे, हेही त्या दिवशी नको.

ते चिडतील. गप्प बसतील, जेवणार नाहीत, तुमच्या आईचं नाव काढतील, "ती असती तर" म्हणतील. कदाचित रडतील, आणि बापाला रडताना बघायची आपल्याला सवय नसते म्हणून आपण घाईघाईने काहीतरी कबूल करून बसतो. ते करू नका. "दिवाळीनंतर बघू हं" असं अजिबात म्हणायचं नाही, जर दिवाळीनंतर खरंच काही बघायचं नसेल तर. पार्किन्सन्स हळूहळू वाढत जाणारा आजार आहे, आज जिना चढता येत नाही तो सहा महिन्यांनी चढता येईल असं गृहीत धरता येत नाही, तेव्हा पाळता येणार नाही असा शब्द देऊ नका. ऐकून घ्या, बसून राहा, पुढच्या वेळी कधी येणार तो वार आणि ती वेळ सांगा आणि त्या वेळेला हजर व्हा.

हे झालं की त्यांच्या हातात ठरवायला काहीतरी द्यायचं. तुमच्या पत्रात मला हे कुठेच दिसलं नाही, की तात्यांनी तिथे काय ठरवलंय. पलंग कुठला, खिडकीकडे डोकं करायचं की पाय, आंघोळ सकाळी की दुपारी, सांगलीहून काय आणायचं. यादी त्यांनी सांगायची आणि तुम्ही लिहायची, आणि त्यात तुम्हाला फालतू वाटलेली वस्तूसुद्धा आणायची. जुनं ट्रान्झिस्टर म्हणाले तर तेच आणा, नवीन ब्लूटूथवालं नको. मोठ्या काट्यांचं भिंतीवरचं घड्याळ आणि कालनिर्णय मात्र यादीत नसलं तरी न्या. सांगलीचं घर घाईने आवरू नका, भाड्याने द्यायचं की काय ते त्यांच्याशी बोलून ठरवा, आणि किल्ली त्यांच्याकडेच असू द्या, तुम्ही दुसरी करून घ्या.

आणि पैसे. हे कुणी लक्षात घेत नाही. सेंटरचं बिल ऑनलाइन जातं, औषधं ऑनलाइन येतात, आणि ज्या माणसाने आयुष्यभर घर चालवलं त्याच्या खिशात दहाची नोट नसते. मॅनेजरशी बोलून थोडे सुटे पैसे त्यांच्याजवळ ठेवायची परवानगी घ्या, पेपरवाल्याला त्यांनीच द्यावे, तुम्ही आलात की कँटीनचा चहा त्यांनीच पाजावा. हरवले तर हरवले.

नावाचंही तसंच. "आजोबा" म्हणतात ना सगळे? ताई, त्यांना साहेब म्हणून हाक ऐकायची सवय आहे. तिथल्या मावशींना हसत हसत सांगून टाका की हे आमचे कंट्रोलर साहेब, त्यांना तसंच म्हणा. मावशींना काय, त्या आनंदाने म्हणतील, आणि एकदा का माणसाचा काय हुद्दा होता हे कळलं की स्टाफची वागणूकसुद्धा थोडी बदलते, बदलायला नको खरं तर पण बदलते.

आता त्या रागाने बघण्याबद्दल. ताई, तो राग नसण्याची बरीच शक्यता आहे. पार्किन्सन्समध्ये चेहऱ्याचे स्नायू आखडतात, पापण्या कमी लवतात, मनात हसू आलं तरी ते चेहऱ्यावर उमटत नाही. समोरच्याला वाटतं हा माणूस टक लावून खुन्नस देतोय. त्यात आवाज बारीक होतो, शब्द पुटपुटल्यासारखे येतात, शेजारचे काका स्वतःच कानाने कमी असतात, ते एकदा "काय?" म्हणतात, दुसऱ्यांदा म्हणतात आणि मग बोलणंच सोडून देतात. म्हणजे तात्या बोलत नाहीत असं नाही, त्यांचं बोलणं पोचत नाही. हे स्टाफला कुणीतरी नीट सांगायला हवं, आणि ते कुणीतरी म्हणजे तुम्ही. केअर सेंटरच्या सगळ्या मावशींना आजाराचं ट्रेनिंग दिलेलं असतं असं समजू नका, कितीतरी जणी कालपर्यंत कुणाच्या घरी पोळ्या करत होत्या.

एका कागदावर मोठ्या अक्षरात मराठीत लिहून त्यांच्या कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. चेहरा कोरा दिसतो, राग नाही. उत्तराला वेळ लागतो, थांबा. दारात पाय चिकटले तर हात धरून ओढू नका, ओढलं की पडतात. त्याऐवजी ताल धरून मोजा, एक-दोन, एक-दोन, किंवा जमिनीवर रंगीत पट्टी लावा म्हणजे ती ओलांडायला पाय उचलतो. हे खरंच काम करतं, पार्किन्सन्सच्या माणसाचं आपोआप चालणं अडलं तरी तालावर किंवा रेषेवर पाय पडतो. तात्यांच्या बाबतीत तर मी म्हणेन मावशींना कंडक्टरची डबल बेल शिकवा, टिंग टिंग म्हटलं की गाडी सुटली. हसतील तरी दोघं. पलंगावरून उठल्याउठल्या उभं करायचं नाही, आधी थोडा वेळ काठावर बसवायचं, कारण उठल्यावर बीपी पडतं आणि चक्कर येते. पायजम्याची नाडी जाऊन इलास्टिक येऊ दे, शर्टाला बटणांच्या जागी वेल्क्रो लावून मिळतो, चप्पल मागून पट्टा असलेली. चष्मा, कवळीची डबी आणि प्रत्येक कपडा याच्यावर नाव, कारण सेंटरच्या लाँड्रीतून कपडे कुणाचे कुणाकडे जातात.

गोळ्यांबद्दल मात्र जरा नीट वाचा. पार्किन्सन्सची लेव्होडोपाची गोळी, म्हणजे सिंडोपा वगैरे, ही वेळेची गोळी आहे. सेंटरमध्ये औषधांची ट्रॉली फिरते नाश्त्याला, दुपारच्या जेवणाला आणि रात्रीच्या जेवणाला, बीपीच्या गोळीला ते चालतं, हिला चालत नाही. अर्धा-पाऊण तास उशीर झाला तरी काही जणांचं अंग लाकडासारखं होतं. शिवाय डाळ, दूध, दही, अंडं असं प्रथिनांचं खाणं पोटात असलं की ती नीट लागू होत नाही, म्हणून साधारण जेवणाआधी अर्धा तास द्यायला सांगतात, तुमच्या न्यूरोलॉजिस्टना त्यांच्यासाठी काय बरोबर ते विचारून वेळा लिहून घ्या. आणि मग तो सातचा फोन बघा. दुपारची गोळी कितीला मिळते आणि पुढची कितीला? दोनची गोळी आणि पुढची आठची असेल तर सहा-सातला औषधाचा अंमल उतरलेला असणार, आणि तो उतरला की नुसतं अंग आखडत नाही, जीव घाबराघुबरा होतो, अस्वस्थ वाटतं, हे या आजारात होतं. म्हणजे "मला घेऊन जा" यातलं थोडं घराचं असेल आणि थोडं गोळीचं. आठवडाभर कोणत्या वेळेला कसं वाटलं याची नोंद ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

ही नोंद कुणी ठेवायची? तात्यांनी! अहो, वाहतूक नियंत्रक आहेत ते, गाडी आली किती वाजता, सुटली किती वाजता, यातच त्यांची नोकरी झाली. एक लांब वही, स्केलने रकाने आखून, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष मिळालेली वेळ, शेरा. अक्षर बारीक होत जातं या आजारात, म्हणून जाड पेन आणि दुरेघी वही घ्या. सिस्टरला आधी विश्वासात घ्या म्हणजे तिला वाटणार नाही की आपल्यावर पाळत ठेवतायत. मला वाटतं तात्यांसाठी त्या सेंटरमधली ही सगळ्यात योग्य नोकरी आहे, आणि गोळ्याही वेळेवर मिळतील.

दोन गोष्टी न्यूरोलॉजिस्टकडून लिहून घेऊन फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात लावा. एक, गोळ्या संपल्या म्हणून एक दिवसही खंड नको, हे औषध अचानक बंद झालं तर जिवावर बेतू शकतं. दुसरं, उलटीला सर्रास देतात ते पेरिनॉर्म आणि पेशंट रात्री फार त्रास देतो म्हणून देतात ते हॅलोपेरिडॉल, ही दोन्ही पार्किन्सन्स वाढवतात, न्यूरोलॉजिस्टना विचारल्याशिवाय द्यायची नाहीत. रात्रीच्या ड्यूटीचा डॉक्टर नवा असतो, त्याची चूक नसते, त्याला माहीत नसतं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ म्हणून पेशंट आणि घरच्यांचा स्वमदत गट आहे, त्यांच्याशी जरूर जोडून घ्या, कारण ज्यांच्या घरी हे चाललंय त्यांना असल्या शंभर बारीक गोष्टी माहीत असतात ज्या ओपीडीत पाच मिनिटांत कळत नाहीत.

मॅनेजरचं "पंधरा दिवस येऊ नका" मला पटत नाही. लहान मुलाला शाळेत सोडल्यावर म्हणतात तसं ते म्हणतायत. तात्यांना काय वाटेल, ठेवलं आणि दिसेनाशी झाली. रोजही जाऊ नका मात्र, नोकरी सांभाळून रोज गेलात तर महिन्याभरात तुम्हीच आडव्या व्हाल. आठवड्यातले दोन वार ठरवा, कालनिर्णयवर त्यांच्याच हाताने खूण करून घ्या, आणि तेवढे दिवस पाऊस असो, मॅच असो, जायचंच. गेल्यावर समोर बसून "बरं वाटतंय का, जेवलात का, झोप लागली का" ही डॉक्टरसारखी चौकशी नको, हाताला काम असू द्या, नखं कापा, दाढी करा, बँकेचं पासबुक दोघं मिळून बघा. मटार सोलायला न्या वाटलं तर, थरथरत्या हाताने चार दाणे खाली पडतील, पडू द्या. निघताना दारात उभं राहून अर्धा तास निरोप नको, चहाची किंवा जेवणाची घंटा झाली की त्यांना टेबलापाशी बसवून निघायचं, म्हणजे ते एकटे मागे उरत नाहीत.

फोन त्यांचा यायची वाट बघू नका, तुम्हीच साडेपाच-सहाला करा, अंग आखडायच्या आधी. आणि काहीतरी विचारा ज्याचं उत्तर त्यांना येतं आणि तुम्हाला येत नाही. पेठ नाक्यावरून आष्ट्यामार्गे सांगलीला रात्री गाडी घालावी का, अमुक पाहुणे कोणत्या गावचे, आमटीच्या मसाल्यात आई काय घालायची. सातला परत फोन आलाच तर उचला, "कधी नेतेस" म्हटलं तर आता तुमच्याकडे खरं उत्तर आहे, "न्यायला नाही तात्या, भेटायला येते, गुरुवारी चारला." कोरडं वाटेल पहिल्यांदा. पण रोजचं "बघू" त्याहून वाईट होतं.

जुळवून घेतायत हे ओळखायचं कसं? ते आनंदी दिसतील याची वाट बघू नका, तो चेहरा तसाही तुम्हाला फसवणार आहे. "घरी ने" कमी होऊन "इथला चहा पाणचट असतो", "तो पलीकडचा कुलकर्णी टीव्हीचा आवाज मोठा ठेवतो", "मंगळवारची भाजी फेकून देण्यासारखी असते" अशा तक्रारी सुरू झाल्या की बरं चाललंय असं समजा, कारण त्या तिथे राहणाऱ्या माणसाच्या तक्रारी आहेत.

पण सगळ्याच तक्रारी हसण्यावारी न्यायच्या नाहीत. अधूनमधून ठरलेल्या वेळेव्यतिरिक्त जा, रविवारी रात्री आठला जा, तेव्हा स्टाफ कमी असतो, बेल वाजवली की किती वेळाने कुणी येतं ते बघा. दर महिन्याला वजन. टाचा आणि माकडहाड स्वतः बघा, लाल चट्टा दिसला तर त्याच दिवशी सांगा, बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहून होणारी जखम, व्हायला वेळ लागत नाही, भरायला महिने जातात. एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागले, माणसं ओळखेनात, तर "वय झालं" म्हणू नका, लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, पोट साफ नसणं, नाहीतर नवीन सुरू केलेलं औषध, असलंच काही असतं बहुतेक, आणि ते बरं होतं. दोन आठवडे सलग जेवण तुटलं, पेपरचं कोडं सोडून दिलं, "जगून काय करू" असं बोलले, तर डॉक्टरांना सांगा, पार्किन्सन्समध्ये डिप्रेशन पुष्कळांना येतं आणि त्यावर औषध आहे. सेंटरबद्दल काही खरंच गंभीर आढळलं तर मॅनेजरला लेखी द्या, आणि ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन आहे १४५६७, तिथे विचारा.

भावाला नुसता व्हिडिओ कॉलवर हात हलवायला ठेवू नका. कागदपत्रं त्याच्याकडे द्या. तात्यांची एसटीची पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफ ऑफिसकडून येणारी असेल, तर हयातीचा दाखला नोव्हेंबरातच द्यायचं बंधन नाही, कधीही दिला की पुढे वर्षभर चालतो, आणि मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो, तो पुण्यात आला की करून टाकेल. ७० च्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत हॉस्पिटलचा खर्च, तेही काढायला लावा त्याला. सेंटरची फी त्यातून मिळत नाही, पण परत पडले-झडले तर उपयोगी.

आत्याला एकदा सेंटरला घेऊन जा. आणि येताना विचारा, महिन्यातून एक दुपार तात्यांसोबत बसाल का. हो म्हणाल्या तर उत्तम, नाही म्हणाल्या तर त्यांचे फोन तरी कमी होतील.

आता गणपती. माझं स्पष्ट मत, खरं सांगायचं बोलणं झालं नसेल तर आणू नका. ते बॅग घेऊनच गाडीत बसतील आणि त्यांच्या दृष्टीने ती परतीची गाडी असेल, मग संध्याकाळी तुम्ही त्यांना आरतीच्या गर्दीत काय सांगणार आहात? म्हणून बोलणं गणपतीच्या निदान दहा-बारा दिवस आधी उरकून घ्या. झालं असेल तर त्यांनाच विचारा, यायचंय का. तुमच्याकडे तीन मजले आहेत, खुर्चीवर बसवून चौघांनी उचलून न्यावं लागेल, सोसायटीतली मुलं आनंदाने उचलतील पण तात्यांना ते आवडेल का हा प्रश्न आहे, काही माणसांना असं खुर्चीत बसून लोकांच्या खांद्यावरून जाणं फार लागतं. एखाद्या नातेवाइकाचं घर तळमजल्यावर असेल तर तिथल्या गणपतीला न्या. किंवा सेंटरमध्येही गणपती बसत असेल, तिथली आरतीची वेळ, टाळ कुणाकडे, प्रसाद कुणाचा हे तात्यांकडे सोपवता येतं का ते विचारा, आणि त्या दिवशी तुम्हीच सगळे मोदक घेऊन तिकडे जा.

घरीच यायचं ठरलं तर पहिल्या वेळी मुक्काम नको. सकाळची गोळी लागू झाल्यावर निघायचं, दुपारची आरती, जेवण, थोडं आडवं होणं, आणि सहाच्या आत परत. निघायच्या आधीच दोन्ही वेळा सांगायच्या, कितीला निघायचं आणि कितीला परत सोडणार, ते त्यांच्या वहीत त्यांनाच लिहू द्या. परत निघताना अडून बसले तर ओढाताण नको, लहान मुलांसमोर रडारड नको, चहा करा, अर्धा तास जाऊ द्या, भावाला बोलू द्या, आणि अगदीच झालं नाही तर रात्र काढायची तयारी असू द्या, म्हणजे खुर्चीचं कमोड भाड्याने आणलेलं आणि रात्रीच्या गोळ्या सोबत. सेंटरला फोन करून कळवा. दुसऱ्या दिवशी सकाळी सोडा, पण "राहिलात ना, मग आता राहाच" असं भावनेच्या भरात कुणी म्हणणार नाही हे घरात आधीच ठरवून ठेवा, विशेषतः तुमच्या मिस्टरांशी, कारण असं बहुतेक जावईच म्हणतात.

गाडी मध्यम उंचीच्या सीटची, रिक्षासारखी उंच नको पण फार खोलही नको, पुढची सीट पूर्ण मागे जाते का बघा, आणि सीटवर एक प्लॅस्टिकची पिशवी अंथरा म्हणजे त्यांना सहज वळता येतं, गाडी सुटायच्या आधी ती काढून घ्या. दुपारची गोळी पाण्याच्या बाटलीसकट तुमच्या पर्समध्ये ठेवा, पुरणपोळी आणि कटाची आमटी वाढायच्या आधी द्यायची आहे.